यान्नाच्या घरची लापशी

पुढच्या खोलीच्या खिडकीची डावी काच पुसून झाली होती, उजवीवर साबणाचा फेस तसाच होता, आणि तेवढ्यात नेलियाची सायकल फाटकाशी येऊन थांबली. शुक्रवारी सकाळी आमच्या गावात कुठल्याही गल्लीत शिरा, बायका बादल्या घेऊन बाहेरच दिसतील. रविवारी चर्चला जाता-येता कुणाला काचेवर एक ओघळ दिसला तरी तो सोमवारपर्यंत समुद्राच्या बांधाच्या दोन्ही अंगांना ठाऊक झालेला असतो. तेव्हा काचेवरचा फेस वाळू देणं ही यान्नाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. पण नेलियाने सायकल भिंतीला टेकवली नाही, नुसती धरून उभी राहिली. मागच्या बैठकीत तिची यिके पट्ट्यांत अडकून, मान एका बाजूला टाकून, भर सकाळी गाढ झोपलेली. यान्नाने फडकं बादलीत टाकलं.

"तपासणी झाली?"

"झाली. आत येऊ का? रस्त्यात नको बोलायला."

यिकेला उचलून आत आणून कोचावर ठेवलं तरी ती जागी झाली नाही. साडेतीन वर्षांची पोर, पण उचलताना यान्नाच्या कमरेत कळ आली. नेलियाच्या ते लक्षात आलं आणि तिने नजर वळवली.

नेलिया बांधामागच्या शिंपल्यांच्या शेडमध्ये काम करते. शिंपले धुवायचे, फुटके काढून टाकायचे, खोक्यांत भरायचे. बेल्जियमला जाणाऱ्या गाड्या सकाळी लवकर सुटतात म्हणून शेड पहाटे पाचलाच सुरू होते. नवरा तिला सोडून गेला तेव्हा यिके दुपट्यात होती. आता गेली दोन वर्षं शिंपल्यांचा हंगाम आला की नेलिया पोरीला अंधारात उठवते, पांघरुणात गुंडाळून सायकलवर बांधते आणि यान्नाच्या मागच्या दाराशी आणून सोडते. यान्ना त्याचं काही घेत नाही. काही घेत नाही हे गावाला कळावं म्हणून तिने कधी धडपडही केली नाही. ते आपोआपच कळलेलं होतं.

कॉफी झाली, दोघींनी एकेक बिस्किट घेतलं आणि डब्याला झाकण लागलं.

"वजन पुन्हा वाढलंय," नेलिया म्हणाली. "मी सगळं बंद केलं होतं, यान्ना. ज्यूस बंद. गोड पाव बंद. शेडमधल्या बायका काही देतील म्हणून तिला तिकडे फिरकूही देत नाही. रात्री अर्धा पाव आणि काकडी, बस. तरी काटा वरच."

"असतं एखाद्याचं अंग तसं."

"दवाखान्यातली सिस्टर तसं नाही म्हणाली. ती म्हणाली, घरातलं सगळं सांगा, लपवू नका. जसं काही मी खोक्यातून चॉकलेटं काढून चारते. मी सांगितलं सगळं. मग तिने झोपेचं विचारलं. किती वाजता निजते, किती वाजता उठवता. मी सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, या वयाच्या मुलांची झोप रोज मध्येच तुटली की त्यांची भूक ताळ्यावर राहत नाही, शेडमध्ये जाणाऱ्या आयांच्या मुलांत हे मी पुष्कळ बघते. चांगली बाई आहे, टोचून नाही बोलली. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग आता?"

"महिनाअखेर शेड सोडते. दुपारच्या पाळीला जागा नाही, मी विचारलं. मुकादम म्हणाला, लहान पोरं असलेल्या बायका घेतल्या की हेच होतं." तिने कप फिरवला. "सिस्टरने तुझंही विचारलं. सांभाळणारी बाई सकाळी काही देते का म्हणून."

यान्नाने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं. "तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ते यान्नाचं घर आहे. तिथे चर्चचे पाळकसाहेब आले तरी एकच बिस्किट मिळतं." नेलिया त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. "देत नाहीस ना काही?"

"इथे ती झोपते," यान्ना म्हणाली. "सातपर्यंत झोपते."

हे खरंच होतं. नेलियाने मान हलवली, निर्धास्तपणे, आणि पोरीला उचलून घेऊन गेली. यान्ना बाहेर आली तेव्हा फेस वाळून काच पांढरी पडली होती. तिला ती तीनदा पुसावी लागली.

यान्ना नऊ भावंडांतली चौथी. तिच्या माहेरी रात्री सात वाजता स्तोत्र म्हटलं जाई, मग प्रार्थना, मग पडदे, आणि त्यानंतर कुणी हूं का चूं करायचं नाही. सासरीही तिने तेच चालवलं. नवरा मारिनुस शिंपल्यांच्या बोटीवर, सोमवारी जातो तो शुक्रवारी रात्री येतो. चार मुलांचं सगळं तिच्या एकटीवर. चौघंही सातला अंथरुणात, सातला अंथरुणाबाहेर, अंगाने सरळसोट. चर्चमध्ये तिची ओळीने बसलेली मुलं बघून बायका एकमेकींना कोपराने खुणावायच्या. प्रवचन लांबलं की ती प्रत्येकाच्या हातावर एक पेपरमिंट ठेवी आणि तेवढ्यावर ती पोरं शेवटच्या आमेनपर्यंत दगडासारखी बसत. यान्ना याला शिस्त म्हणायची. मनातल्या मनात देवाचा आशीर्वाद म्हणायची, आणि आशीर्वादात आपलाही थोडा हात आहे असं धरून चालायची.

यिके पहिल्यांदा आली त्या आठवड्यात मात्र ही घडी विस्कटली. अंधारात सायकलवरून आलेलं लेकरू डोळे टक्क उघडून रडायचं, आणि वरच्या मजल्यावर एकेक करून चौघं जागे व्हायचे. यान्नाची पहाटेची वेळ तिच्या एकटीची. त्या तासात ती बायबल वाचते, दिवसाचं मागणं मागते. तेवढाच काय तो वेळ तिच्याकडे कुणी काही मागत नाही. चौथ्या दिवशी तिला आईची लापशी आठवली. दूध, भाजलेला रवा, काकवीची भरपूर धार, आणि बाटलीच्या रबरी बुचाचं भोक कात्रीने मोठं केलेलं. नऊ पोरं तिच्या आईने याच लापशीवर निजवली. यिकेने ती बाटली दोन्ही हातांनी धरली, अर्धी होईतो तिचे डोळे मिटले, आणि यान्नाला तिचं बायबल परत मिळालं.

तेव्हापासून रोज बाटली. सातला यिके इतरांबरोबर उठे आणि इतरांबरोबर पोटभर न्याहारी करी. लापशीला यान्नाने खाणं म्हणून कधी धरलंच नाही. ती झोपेसाठी होती. साडेतीन वर्षांच्या मुलाला बाटली देऊ नये, दात किडतात, हे तिला माहीत होतं. स्वतःच्या मुलांच्या बाटल्या तिने वर्षाच्या आत बंद केल्या होत्या. ही बाटली नेलिया यायच्या आत धुऊन ती कपाटात मोठ्या पातेल्यामागे ठेवायची. पातेल्यामागेच का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या शुक्रवारी काच पुसताना ते पहिल्यांदा विचारलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारून नणंद कोबा आली. कोबाला बातमीचा वास बांधापलीकडून येतो.

"नेलियाला पाहिलं मघाशी. तोंड एवढंसं झालं होतं. वाढलं ना वजन?"

"थोडं."

"आपण मंडळात तिच्यासाठी इतकं मागणं केलं, तरी गुण नाही म्हणायचा."

आमचं बायकांचं शिवणमंडळ मंगळवारी जमतं. मिशनच्या मुलांसाठी कपडे शिवतो, आणि सुया हातात घेण्याआधी प्रार्थनेसाठी नावं घेतो. वसंतात यान्नाने नेलियाचं नाव घेतलं होतं. तिला घराची घडी बसवायची ताकद मिळो, असं म्हणाली होती. लेकरू रात्री वेळेवर निजत नाही, दिवसभर खातं, आईला सांगायला कुणी मोठं माणूस नाही. कोबाने विचारलं होतं, किती खातं, आणि यान्नाने तेही सांगितलं होतं. प्रार्थनेच्या नावाखाली आमच्यात पुष्कळ काही सांगून होतं, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि मध्ये कुणी बोलत नाही.

"मला विचारशील तर," कोबा म्हणाली, "ती घरी चारत असणार. थकून आलेली बाई, पोर रडतंय, दे हातात बिस्किट. तुझ्यासारखी थोडीच आहे सगळ्यांची शिस्त."

नेलियापुढे यान्ना अर्धं खरं बोलली होती, कोबापुढे तेवढंही बोलली नाही. कोबा गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि बटाटे कशासाठी काढले होते ते तिला आठवेना.

शनिवारी पहाटे नेलियाने यिकेला दिलं तेव्हा यान्नाने ठरवलं होतं, आज बाटली नाही. एवढं केलं की झालं, असं तिला वाटत होतं. आजपासून बंद; वजन उतरेल, नेलियाला शेड सोडावी लागणार नाही, आणि कुणाला काही सांगायची गरज नाही. रात्रभर तिने याचसाठी मागणं केलं होतं आणि उत्तर मिळालं अशी स्वतःची समजूतही काढली होती.

यिके कोचावर बसून राहिली. "तान्ते, बाटली." आमच्याकडे पोरं ओळखीच्या प्रत्येक बाईला तान्ते म्हणतात.

"आज बाटली नाही. डोळे मीट बघू."

"पोटाला हवी."

"पोट झोपलंय आता."

"आई पण तसंच म्हणते," यिके म्हणाली. "रात्री म्हणते. पोट झोपलं, तू पण झोप. पण माझं पोट उठतं. मग मी रडते. मग आई पण रडते."

यान्ना तिच्याजवळ बसली. पोरीने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. एका घरात काकवी आणि दुसऱ्या घरात अर्धा पाव, आणि मधल्या मध्ये हे लेकरू. यान्नाने तिला मांडीवर घेतलं, थोपटलं, स्तोत्र गुणगुणलं. यिके काही झोपली नाही. ती मोठमोठ्याने रडायला लागली आणि थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली.

आधी धाकटी उतरली, मागून दोघं मुलगे, शेवटी थोरली. त्यांच्यामागून मारिनुस, आदल्या रात्रीच बोटीवरून आलेला, केस उभे.

"आज सूर्य आपल्या घरात जरा लवकरच उगवला वाटतं," तो म्हणाला.

"जा झोपा सगळे."

कुणी झोपलं नाही. त्या दिवशी यान्नाने आपल्या घरात जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. धाकटी, जिला न्याहारी संपव म्हणून मागे लागावं लागतं, तिने तीन पाव खाल्ले आणि तासाभरात चौथा मागितला. मधल्याने भावाला चिमटा काढला, मार खाल्ला, रडला, आणि रडून झाल्यावर बिस्किटाच्या डब्याशी सापडला. थोरलीने अंगावरचा झगा बदलायलाच नकार दिला. दुपार व्हायच्या आत घरातला गोड पाव संपला. ही तिचीच मुलं, सरळसोट, शिस्तीची. आणि एक पहाट मोडली तर ही गत. यिकेची पहाट दोन वर्षं मोडत होती.

"काय झालंय काय यांना?" मारिनुसने विचारलं.

"झोप झाली नाही."

"एवढ्यानेच?"

यान्ना त्याच्या हातांकडे बघत होती, शिंपल्यांच्या कडांनी चरे पडलेल्या. या घरातले पडदे सातला ओढले जातात, कारण मारिनुसची बोट चांगले शिंपले आणते आणि बाईने कामाला जायची गरज पडत नाही. आणि बोटीने आणलेले ते शिंपले धुवायला, भरायला पहाटे कुणीतरी उठावंच लागतं. नेलिया उठते. हे यान्नाला रोज दिसत होतं, मागच्या दारातून रोज आत येत होतं. तिने त्याला दुसऱ्याच्या घरातली बेशिस्त म्हटलं होतं, आणि ते डोळे मिटून देवालाही कळवलं होतं.

नेलिया दुपारी मागच्या दाराशी आली. पायांत रबरी बूट, हात गार पाण्याने लाल. ती कधीच आत येत नसे. बुटांना वास येतो म्हणे.

"आत ये," यान्ना म्हणाली.

"लादी खराब होईल."

"होऊ दे. बस."

नेलिया खुर्चीच्या कडेवर बसली. यान्ना उभीच राहिली. तिने काही वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, त्यात देवाचं नाव होतं, 'चुकून' असा शब्द होता. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"मी तिला रोज पहाटे लापशी देते," ती म्हणाली. "बाटलीतून. काकवी घालून. पहिल्या आठवड्यापासून."

"रोज?" नेलियाने विचारलं.

"रोज. आज दिली नाही. काल तू विचारलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं."

"काल." नेलियाने हात मांडीवर ठेवले आणि ते एकमेकांत घट्ट धरले. "मी तिला रात्री अर्ध्या पावावर निजवते, यान्ना. ती रडते आणि मी भिंतीकडे तोंड करून बसते. सिस्टरपुढे मी शपथेवर सांगितलं की पोर सातच्या आधी कशाला तोंड लावत नाही. तिला वाटलं असेल, ही बाई तोंडावर खोटं बोलते."

"हो."

"हो काय? का दिलीस?"

"ती झोपावी म्हणून. माझी मुलं उठू नयेत म्हणून. आणि मला वाचायला मिळावं म्हणून."

नेलिया हसली, पण त्या हसण्याचा आवाज नीट नव्हता. "पवित्र शास्त्र."

"हो."

बाहेर अंगणात मुलांचा गलका चालला होता. यिकेचा आवाज सगळ्यांत मोठा.

"शेडमध्ये एकजण म्हणाली, शिवणमंडळात माझं नाव घेतलं होतं," नेलिया सावकाश म्हणाली. "मला बरं वाटलं होतं. माझी पाठ दुखते हे तुला ठाऊक होतं, म्हणून घेतलं असशील असं वाटलं. त्या रात्री मीपण तुझ्यासाठी मागितलं. पाठीसाठीच घेतलं होतंस ना?"

इथे हो म्हणणं सोपं होतं. यान्नाच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"नाही. तू पोरीला नीट वळण लावत नाहीस, म्हणून घेतलं होतं."

नेलिया उठली. खुर्ची मागे सरकली. ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि तशीच पाठमोरी उभी राहिली. ओल्या बुटांचे ठसे लादीवर ओळीने उमटले होते.

"कितीजणी होत्या?"

"सगळ्या."

"सोमवारी तू माझ्याबरोबर सिस्टरकडे यायचंस. तू सांगायचंस, मी नाही."

"येते."

"आणि मंगळवारी त्यांना सांगायचंस. डोळे उघडे ठेवून. माझं नाव जसं घेतलं होतंस, तसंच तुझं घ्यायचंस."

"घेते. नेलिया, शेड सोडू नकोस. तुझी पाळी असेल त्या दिवसांत यिकेला रात्रीच इथे झोपव. सातला. पहाटे कुणी उठवायला नको. उठेल ती या पोरांबरोबर."

"म्हणजे दिवसा माझं पोर तुझ्याकडे, आता रात्रीही तुझ्याकडे." नेलिया वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यामुळेच यान्नाला तिच्याकडे बघवत नव्हतं. "आणि गावात काय होईल? यान्नाने त्या बिचारीचं पोर पदरात घेतलं. आणखी एक आशीर्वाद तुझ्या नावावर."

यान्नाने मागे सरकलेली खुर्ची जागेवर लावली.

नेलियाने अंगणाकडे पाहिलं. यिके दमून पायरीवर बसली होती, डोळे चोळत, पण कुणी जवळ येऊ लागलं की त्याला लाथ मारत.

"झोपवणार मी," ती शेवटी म्हणाली. "इथे येऊन. तिच्या उशाशी बसून, माझं गाणं म्हणून, ती झोपली की मी घरी जाणार. आणि रात्री ती पोटभर जेवणार, माझ्या हातचं. तुझं काही नको. लापशी नको, स्तोत्रही नको."

"बरं."

"तुझ्या मुलींच्या खोलीत जागा आहे?"

"जागा आहे. खाट नाही. आमची लहान खाट कोबाच्या माळ्यावर आहे."

"कोबाच्या." नेलियाने गळ्याभोवतीचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "तिला काय सांगणार, खाट कशाला हवी म्हणून?"

"जे झालं ते."

"मंगळवारच्या आधीच?"

"तिला आज सांगितलं नाही, तर मंगळवारी माझी जीभ उचलणार नाही. तिच्यापासूनच सुरू करते."

नेलियाने बाहेर जाऊन यिकेला उचललं. पोरीने तिच्या ओल्या जाकिटात तोंड खुपसलं आणि लगेच डोळे मिटले. सायकलवर बांधतानाही ते उघडले नाहीत. फाटकातून बाहेर पडताना नेलियाने मागे वळून पाहिलं नाही, आणि यान्नाने तशी अपेक्षाही धरली नाही.

मारिनुस स्वयंपाकघराच्या दारात आला. लादीवरचे ठसे बघून त्याने बायकोकडे बघितलं. "पुसायचं नाही का हे?"

"नंतर. मुलांना आंघोळी घाल, पाणी तापतंय. आणि हातगाडी काढून दे."

"शनिवारी दुपारी हातगाडी? कुठे निघालीस?"

यान्नाने कोट घातला आणि बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं. तिला कोबाच्या घरी जायचं होतं, माळ्यावरची लहान खाट आणायला.